गाईचा समर मेनू, एकदम कूल!

एप्रिल उजाडला की आपला मेनू कसा झटपट बदलतो! कैरीचं पन्हं, कोकम सरबत, ताकाचे पेल्यावर पेले. पण ज्या गाईच्या दुधाचं हे ताक झालं, तिच्या गव्हाणीत उन्हाळ्यात काय पडतं, माहीत आहे का?

तिथेही एक भन्नाट समर मेनू आहे, मंडळी! त्यात शतावरी आहे, आवळा आहे, समुद्री शेवाळ आहे, मिरची आहे आणि चक्क एक प्रकारचा साबणसुद्धा आहे. दचकलात? अजून तर आपण गोठ्याच्या दारातच आहोत. चला आत!

चार पायांचा हीटर

माहीत आहे का? भरपूर दूध देणारी होल्स्टिन गाय साधारण दीड हजार वॅटच्या हीटरइतकी उष्णता दिवसरात्र बाहेर टाकत असते. डिसेंबरात मस्त! पण मे महिन्यात? पोटात हीटर चालू आहे आणि त्याचा स्विच सापडत नाही, अशी तिची गत.

ही आच येते कुठून? काही दूध बनवण्याच्या मेहनतीतून आणि बरीचशी पोटातल्या भट्टीतून. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे कोटीपोट, ऊर्फ रूमेन. मोठ्या गाईत त्याची कपॅसिटी दीडशे लिटरच्या घरात जाते. पाण्याचं पिंपच म्हणा ना! त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव वैरण आंबवत बसलेले असतात. आंबवणं आलं की ऊब आलीच. म्हणूनच कोटीपोटाचं तापमान बाकीच्या शरीरापेक्षा जरा चढंच असतं.

आता कळलं, उन्हाळ्यात गाय वाळका कडबा बाजूला का सारते ते? जाड्याभरड्या चोथ्याचा घास पचताना जास्त तापवतो. तिला थर्मामीटर लागत नाही, तिचं पोटच तिला सांगतं.

आपल्याला गुलाबी, तिला घामट

२५ अंश तापमान, ५० टक्के आर्द्रता. आपल्यासाठी सहलीची हवा! पण माहीत आहे का, गाईच्या हिशेबात इथेच पिवळा दिवा लागतो. तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजणारा टीएचआय नावाचा निर्देशांक असतो. ७२ ही त्याची जुनी लक्ष्मणरेषा. २५ अंश आणि ५० टक्के यांचं उत्तर येतं बरोबर ७२ च्या आसपास. जास्त दुधाच्या गाईंसाठी तर अभ्यासक ६८ लाच सावध होतात.

आणखी एक गंमत. ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे टीएचआय ७८. २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रता? तोही ७८! म्हणजे पारा तीन अंशांनी खाली, पण दमट हवेने सगळा फायदा गिळला. कोकणातल्या गोठेवाल्यांनो, नुसत्या पाऱ्यावर भरवसा नको!

मिस्टरी ऑफ द मिसिंग मिल्क

उन्हाळ्यात दूध आटतं, कारण गाय कमी खाते. बरोबर? अर्धंच बरोबर! अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठात एक झकास प्रयोग झाला. तापलेली गाय जेवढं खाते, मोजून तेवढंच दुसऱ्या, गारव्यातल्या गाईला दिलं. निकाल २००९ मध्ये छापून आला: दुधातल्या घटीचा जेमतेम एक तृतीयांश भाग कमी खाण्यामुळे होता. मग उरलेला?

उरलेला जातो आतल्या लढाईत. रक्त कातडीकडे धावतं, आतड्याला कमी पडतं, आतड्याचं अस्तर सैल होतं, नको ते घटक रक्तात झिरपतात आणि रोगप्रतिकारशक्ती साखर फस्त करू लागते. दुधासाठीची साखर तिथेच खर्ची पडते. म्हणून नुसतं ‘अजून दोन घास घाल’ म्हणून भागत नाही. घासात काय आहे, हा खरा प्रश्न!

घाम गाळा, पोटॅशियम टाळा? छे!

माणसाच्या घामातून मुख्यतः सोडियम जातं. गाईच्या घामातून? पोटॅशियम! त्यामुळे उन्हाळ्यात तिच्या मिठाचं गणित आपल्यापेक्षा वेगळं. आणि पोटॅशियमची चविष्ट बँक कोणती? मळी! तेच काळं, चिकट, गोडसर द्रव, जे साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरतं. आंबोणावर थोडी मळी शिंपडली की रुसलेली गाय पुन्हा तोंड लावते. गोड बोलून काम होत नसेल, तर गोड वाढून होतं.

लाळेचा लाखमोलाचा सोडा

माहीत आहे का? गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गाळते! ही लाळ साधीसुधी नाही, तिच्यात नैसर्गिक सोडा असतो. रवंथ करता करता ती गिळली जाते आणि कोटीपोटातलं आम्ल शमवते. घरचंच अँटासिड!

पण उन्हाळ्यात गाय धापा टाकते, लाळ तोंडातून जमिनीवर पडते. रवंथ कमी, सोडा वाया, पोटात आंबट. मग सकाळी दूध संकलन केंद्रावर मशीन दाखवतं आणि मालक हळहळतो: ‘आज फॅट लागली नाही!’ फॅट हरवली कुठे? गोठ्यातल्या त्या ओल्या फरशीवर.

आता एंट्री हिरव्या हिरोंची!

झाडाला ऊन लागलं तर ते उठून सावलीत जाऊ शकतं का? नाही ना! म्हणूनच उन्हाशी, तहानेशी, किड्यांशी लढायची रसायनं ते स्वतःच्या अंगातच बनवतं. टॅनिन, सॅपोनिन, पॉलिफिनॉल, सुगंधी तेलं, सगळी झाडाची शस्त्रं! उन्हाळी पूरक खाद्याची सगळी आयडिया एका ओळीत सांगू? झाडाने उन्हासाठी घडवलेलं अस्त्र गाईला उसनं द्यायचं. बस्स!

या उसनवारीला जगात मोठा धक्का-स्टार्ट कधी मिळाला, माहीत आहे का? १ जानेवारी २००६ ला. त्या दिवसापासून युरोपीय संघात जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळायला बंदी आली. लगेच सगळ्यांच्या नजरा वळल्या मसाल्याच्या डब्याकडे: लवंग, दालचिनी, धने, ओवा, लसूण. आजीचा डबा एकदम इंटरनॅशनल!

शतावरी: सौ बात की जड

शतावरी म्हणजे शंभर मुळांची. बाळंतिणीला शतावरी कल्प देणाऱ्या घरांना तिची ओळख सांगायला नको. तिच्या मुळांमध्ये शतावरीन नावाची सॅपोनिन असतात आणि दूध वाढवणारी म्हणून तिचं नाव गोठ्यातही पक्कं आहे. जोडीला असते जिवंती ही दुसरी वनस्पती. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक दूधवर्धक पावडरींच्या डब्यावर ही जोडगोळी हमखास सापडेल. डबा हातात आला की मागची बाजू वाचा!

नावात काय आहे? शेवाळ आहे!

शतावरीचं शास्त्रीय नाव अस्पॅरॅगस रेसिमोसस. आता ही लाल समुद्री शेवाळ बघा: अस्पॅरॅगोप्सिस. अर्थ? ‘अस्पॅरॅगससारखी दिसणारी’! शतावरी डोंगरात, तिची नावबहीण समुद्रात.

हिची करामत वेगळी. गाय खाते त्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा मिथेन बनून ढेकरेवाटे हवेत जाते. ही शेवाळ चिमूटभर दिली तर काही चाचण्यांत मिथेन ८० टक्क्यांहून जास्त घटला! हवाई बेटांवर हीच शेवाळ ‘लिमू कोहू’ नावाने माणसं माशाबरोबर चवीने खातात. गाय आणि माणूस, एकच चटणी!

पाहुणी कलाकार: शेवाळखाऊ मेंढी

स्कॉटलंडमध्ये नॉर्थ रोनाल्डसे नावाचं बेट आहे. तिथे १८३२ च्या सुमारास बेटाभोवती दगडी बांध घातला. मेंढ्यांना आत ठेवायला? नाही हो, बाहेर ठेवायला! आतलं गवत राखायचं होतं. मेंढ्या किनाऱ्यावर आल्या आणि शेवाळ खाऊन चक्क पिढ्यान्‌पिढ्या जगल्या. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरची तपकिरी शेवाळ आज वाळवून, दळून उन्हाळी पूरक म्हणून गाईंनाही दिली जाते. लाटेवरून थेट ताटात!

आवळा, ज्याची गाईला ‘गरज’ नाही

क्विझ टाइम! माणसाला सी जीवनसत्त्व बाहेरून खावं लागतं. गाईला? नाही! तिचं यकृत ते घरीच बनवतं. पण ट्विस्ट ऐका. उन्हाचा ताण वाढला की दुभत्या गाईच्या रक्तातलं सी जीवनसत्त्व घसरतं. मग आवळा चारून भरून काढू? इथे दुसरा ट्विस्ट: खाद्यातलं बरंचसं सी जीवनसत्त्व कोटीपोटातले जीव मधल्या मध्ये फस्त करतात.

तरी आवळा मेनूत का? त्यातल्या टॅनिन आणि पॉलिफिनॉलसाठी. हेच पॉलिफिनॉल द्राक्षाच्या बियांत आणि डाळिंबाच्या सालीत ठासून भरलेले असतात, म्हणून दोन्हीही संशोधकांनी जनावरांवर आजमावून पाहिले. नाशिकची द्राक्षं, सोलापूरची डाळिंबं. आपण फेकतो ते साल-बी, कुणाच्या तरी प्रयोगशाळेत व्हीआयपी!

घोड्याच्या वासाची, बैलाच्या बरगडीची

अश्वगंधा म्हणजे घोड्याच्या वासाची, हे तर कळतंच. ताण सहन करायला मदत करणाऱ्या अशा वनस्पतींना ‘अॅडाप्टोजेन’ म्हणतात. हा शब्द १९४७ मध्ये लाझारेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने घडवला. शब्द नवा, पाळंमुळं जुनी!

पण खरा योगायोग चीनमध्ये. तिथे ताप उतरवायला वापरतात ती छायहू ही मुळी. उन्हाने बेजार होल्स्टिन गाईंना तिचा अर्क खाद्यातून दिला. २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात गाईंचं तापमान आणि श्वासांचा वेग उतरलेला दिसला, दूधही सुधारलं. आता तिचं शास्त्रीय नाव ऐका: बुप्लूरम. ग्रीक भाषेत अर्थ काय, माहीत आहे का? ‘बैलाची बरगडी’! मुळीच्या नावातच गोठा होता की!

मेथी: ग्रीसची वैरण, न्यूयॉर्कचं कोडं

मेथीच्या शास्त्रीय नावातलं ‘फीनम ग्रीकम’ म्हणजे काय? ‘ग्रीक गवत’! जुन्या काळी भूमध्य समुद्राच्या काठी मेथी ही जनावरांची वैरण होती. आपण जिचा मेथांबा आणि पराठे करतो, ती नावाने अजून गोठ्यातच आहे.

आणि वास तर बाबो! २००५ पासून न्यूयॉर्क शहरावर अधूनमधून गोड मेपल सिरपचा वास पसरायचा. लोक घाबरून फोन करायचे. २००९ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी कोडं सोडवल्याचं जाहीर केलं: शेजारच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात मेथीच्या दाण्यांवर प्रक्रिया होत होती! अख्खं शहर हादरवणारा हा वास गाईच्या दुधात उतरायला कितीसा वेळ लागणार? म्हणून मेथी, लसूण, कांद्याची पात असलं वासाचं काहीही धार काढण्याआधी नको, धार काढल्यानंतर.

आपल्याकडे व्यायलेल्या गाईला बाजरी शिजवून, त्यात गूळ, मेथ्या आणि आळीव घालून देतात. माणसाच्या बाळंतिणीचा आणि गोठ्यातल्या बाळंतिणीचा मेनू इतका सेम टू सेम! दोघींना एकाच मायेने वाढणारं घर आणखी कुठे मिळणार?

पाण्याचं दूध करणारी बडीशेप

बडीशेपेच्या तेलातल्या मुख्य घटकाला अॅनेथॉल म्हणतात. ग्रीसचं ऊझो, तुर्कस्तानचं राकी ही पेयं याच चवीची. त्यांच्यात पाणी ओतलं की काय होतं? स्वच्छ पेय क्षणात दुधासारखं पांढरं! तुर्की लोक राकीला ‘सिंहाचं दूध’च म्हणतात. गाईच्या पाचक पूरकांत बडीशेप मान राखून आहे, पण तिथे जादू पेल्यात नाही, पोटात चालते. वास आवडला, तोंड चाललं, रवंथ सुरू झाली.

मिरची लागली? नाही, कोट घातलाय!

उन्हाळ्यात गाईला मिरची? हो! पण ठेचा नव्हे. मिरचीचा अर्क चरबीच्या आवरणात गुंडाळून देतात, म्हणजे तो तोंडाला आणि कोटीपोटाला चुकवून थेट पुढे पोचतो. गाईच्या जिभेवर वीस-पंचवीस हजार रुचिकळ्या, माणसाच्या दहा हजारांच्या आत. कोट हवाच ना!

तिखट आपल्याला ‘गरम’ का लागतं? कारण मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्याच संवेदकाला टोचतं, जो ४३ अंशांच्या पुढची उष्णता ओळखतो. हे शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आणि पुदिन्याचं मेन्थॉल? ते थंडी ओळखणाऱ्या संवेदकाला गुदगुल्या करतं. तापमान तेच, वाटतं मात्र गार! म्हणून पुदिनाही या मेनूत हजर.

बाय द वे, ही मिरची भारतात आली सोळाव्या शतकात, पोर्तुगिजांच्या जहाजातून. पहिला स्टॉप? आपला गोवा!

गाय साबण खाते!

वचन दिलं होतं, पाळतोय. बायपास फॅट नावाचं पूरक खाद्य ऐकलंय? पाम तेलातली मेदाम्लं अधिक कॅल्शियम. रसायनशास्त्रात याला सरळ नाव आहे: साबण! आंघोळीचा नव्हे, कॅल्शियमचा.

याची ट्रिक लाजवाब. कोटीपोटात तो विरघळत नाही, म्हणजे तिथले जीव त्याला हात लावत नाहीत, म्हणजे आंबवणं नाही, म्हणजे जादा आच नाही! पुढच्या आम्लाच्या कप्प्यात तो फुटतो आणि गाईला भरघोस ऊर्जा मिळते. स्निग्धांशात पिठूळ पदार्थांच्या सव्वादोन पट ऊर्जा. घास कमी, दम जास्त, गरमी कमी. यालाच म्हणतात बायपासवरून सुसाट!

सरकी: थ्री इन वन

विदर्भाच्या कापसातलं बी म्हणजे सरकी. प्रथिनं, तेल आणि चोथा, तिन्ही एकाच पुडीत! पण माहीत आहे का, तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्यही असतं. १९७० च्या दशकात चीनमध्ये याची पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून चाचणी झाली होती! मोठ्या गाईच्या कोटीपोटातले जीव बेताच्या सरकीतलं गॉसिपॉल निकामी करतात. वासरांचं कोटीपोट तयार नसतं, म्हणून त्यांच्यापासून सरकी लांब.

बीटातून आलं बीटेन

नाव कुठून आलं ओळखा! साखरेच्या बीटाच्या रसात एकोणिसाव्या शतकात सापडलं म्हणून बीटेन. कोरड्या, खारट जमिनीत झाडं हेच बनवून पेशीतलं पाणी धरून ठेवतात. गाईच्या पेशीही याच्या मदतीने पाणी राखतात. झाडाचं अस्त्र, गाईची उसनवारी. आठवलं ना आपलं सूत्र?

पाणीदार मंडळी

गाय दुधाच्या प्रत्येक लिटरमागे तीन-चार लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दुधात ८७ टक्के पाणीच तर आहे! म्हणून मेनूत काही ‘चावून प्यायचे’ पदार्थ.

निवडुंग: बिनकाट्याच्या निवडुंगात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी! हा पठ्ठ्या दिवसा अंगावरची छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री श्वास घेतो. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्येत काही लाख हेक्टरवर तो वैरण म्हणून उभा आहे. नुसता दिला तर शेण पातळ, म्हणून सोबत कडब्याची कुट्टी.

केळी: जळगावकरांनो, केळीच्या खुंटातही नव्वदीपार पाणी. आणि केळीचं झाड मुळात झाडच नाही, वनस्पतिशास्त्रात ते मऊ खोडाचं एक महाकाय रोप!

अझोला: इवलंसं तरंगतं नेचं, काही दिवसांत दुप्पट! त्याच्या पानात एक निळं-हिरवं शैवाल भाडेकरू म्हणून राहतं आणि भाडं हवेतला नत्र पकडून भरतं. सुकवल्यावर चांगली पंचवीस टक्के प्रथिनं. ४.९ कोटी वर्षांपूर्वी याच अझोलाने आर्क्टिक महासागर हिरवागार केला होता! त्या महासागराचा वारस आज आपल्या प्लॅस्टिकच्या वाफ्यात. फक्त कडक उन्हात त्यालाही शेडनेट लागतं, आणि गाईला देण्याआधी स्वच्छ पाण्याने आंघोळ.

हायड्रोपोनिक मका: मातीविना सात-आठ दिवसांत हिरवा गालिचा! गोव्यात जागेची चणचण, म्हणून तिथल्या दूध उत्पादकांनी हा प्रयोग लवकर उचलला. एक किलो बियाण्याचे पाच-सहा किलो होतात. पण हिशेब नीट करा: वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं असतं. गारेगार जोडखाद्य म्हणून बेस्ट, पोटभर जेवण म्हणून नाही.

हिरवा म्हणजे हिरोच, असं नाही!

आता जरा सीरियस. उन्हाळ्यात हिरवं दिसलं की हात सैल सुटतो, आणि इथेच घात होतो.

ज्वारीची कोवळी फूट: पाण्याच्या ताणातल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. ‘किराळ लागली’ म्हणतात ते हेच. काही मिनिटांचा खेळ असतो, डॉक्टरांना लगेच फोन!

उसाचे वाढे: पश्चिम महाराष्ट्राची लाडकी वैरण, पण त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम पळवतं. म्हणून चुन्याच्या निवळीची जुनी युक्ती आणि सोबत दुसरी वैरण.

कांदा: भाव पडले की ढीगच्या ढीग गाईपुढे. जास्त कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि गाईला पंडुरोग होतो. आपल्या डोळ्यांत पाणी, तिचं रक्तच कमी!

सुबाभूळ: याची गोष्ट सिनेमासारखी! यातलं मिमोसिन केस गळवतं, गलगंड आणतं. पण हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी ओळखलं की गुपित शेळ्यांच्या पोटातल्या जिवाणूत आहे. १९८० च्या दशकात ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गाईंच्या पोटात पोचवले आणि प्रश्न सुटला! जिवाणूचं नाव सिनर्जिस्टिस जोन्सी, शोधणाऱ्याच्या सन्मानार्थ. आपल्याकडे १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला सुरू केलेल्या ‘बाएफ’ने सुबाभूळ गावोगाव नेली. मस्त प्रथिनांची वैरण आहे, फक्त इतर वैरणीत मिसळून, बेताने.

टाइमिंग इज एव्हरीथिंग

माहीत आहे का, गाय तापते ते खाताना नाही, तर खाल्ल्यावर काही तासांनी? भट्टी पेटायला वेळ लागतो. सकाळी दहाला भरपेट वाढलं तर आच चढते भर दुपारी. डबल धमाका! म्हणून मोठं जेवण पहाटे आणि सूर्य कलल्यावर. तेच खाद्य, तोच खर्च, फक्त घड्याळ बदललं.

नवं पूरक आणलं? पहिल्या दिवशी मूठभर, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण मात्रा. कोटीपोटातल्या अब्जावधी पाहुण्यांना नव्या मेनूची सवय लागू द्या. मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच, कारण चिमटीचं औषध मुठीत गेलं की विष होतं.

आणि मनापासून सांगतो: शतावरी असो की शेवाळ, कुठलंही पूरक गार पाण्याची जागा घेत नाही. सावली नाही, पाणी नाही आणि गव्हाणीत महागडी पावडर, म्हणजे तापलेल्या तव्यावर अत्तर शिंपडणं. आधी सावली, मग पाणी, मग वेळ आणि त्यावर हा हिरवा तडका. या क्रमाने गेलात तर पैसा वसूल!

जाता जाता, फक्त साठ सेकंद!

आजचं शेवटचं ‘माहीत आहे का?’ तुम्ही स्वतः शोधायचं. दुपारी कुठल्याही गोठ्यासमोरून जाल, तेव्हा थांबा. शांत उभ्या गाईच्या कुशीकडे बघा आणि मोबाइलवर एक मिनिट लावा. कूस वर-खाली झाली की एक श्वास.

तीसच्या आसपास? ऑल इज वेल. साठच्या पुढे? गाय तापलीय. तिला बोलता येत नाही, पण आकडा तर तिने सांगितला! मग मालकाला हाक मारा: ‘काका, हिला जरा पाणी दाखवा हो, आणि संध्याकाळच्या आंबोणात काय घालता ते सांगा बघू.’

बघा, गप्पा रंगतात की नाही. काकांकडे शतावरी निघेल, एखादा अझोलाचा वाफा निघेल, नाहीतर मळीची बादली तरी. आणि ताकाचा एक पेला? तो तर हमखास!